कंबरेत उसण भरल्यास काय करावे?

सोयाबीनची मळणी उरकलेली असते, पोती ट्रॉलीत चढवायची घाई असते आणि नेमक्या त्याच वेळी वाकलेला माणूस तसाच वाकलेला राहतो. सरळ होता येत नाही, खाली बसवत नाही, खोकला आला तरी कळ मस्तकात जाते. कोणी याला उसण भरली म्हणतात, कोणी चमक निघाली, कोणी लचक भरली, तर कोणी कंबर धरली असे म्हणतात. प्रकार एकच आहे. ऐन सुगीत घरचा कर्ता माणूस पंधरा दिवस अंथरुणाला खिळला म्हणजे मजुरी वाढते, माल रानात पडून राहतो आणि घाबरून जाऊन तपासण्यांवर नको तेवढा पैसा जातो. यातील बरेचसे नुकसान टाळता येण्यासारखे आहे. या दुखण्याबाबतचे वैद्यकशास्त्राचे मत गेल्या तीस-चाळीस वर्षांत पुष्कळ बदलले आहे. गावोगावी मात्र अजून जुनाच सल्ला चालू आहे. शेतकरी बंधू-भगिनींना नवी माहिती व्हावी म्हणून हा लेख.

उसण म्हणजे नेमके काय?

कंबरेच्या भागात पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक चिवट चकती असते, तिलाच आपण गादी म्हणतो. गादीच्या मध्यभागी मऊ लगदा आणि भोवती दोरासारख्या तंतूंचे कडे असते. मणक्यांच्या मागच्या बाजूस लहान सांधे, ते बांधून ठेवणारे अस्थिबंध आणि दोन्ही अंगांना जाड स्नायू असतात. मणक्यांच्या मधून निघालेल्या नसा कुल्ल्यांतून खाली पायांत उतरतात. अचानक कंबर धरते तेव्हा यांपैकी कशाला तरी ताण बसलेला असतो किंवा बारीक इजा झालेली असते. मग आजूबाजूचे स्नायू राखणदारासारखे आवळून बसतात आणि दुखण्याचा मोठा वाटा या आवळण्याचाच असतो.

नेमकी इजा कोठे झाली हे बहुतेक रुग्णांत कोणालाच सांगता येत नाही. डॉक्टरांना नाही आणि यंत्रालाही नाही. तसे सांगण्याची गरजही नसते, कारण उपचार एकच असतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दुखणे किती मोठे यावरून इजा किती मोठी हे ठरत नाही. क्विंटलाचे पोते उचलताना काही होत नाही आणि दुसऱ्या दिवशी वाकून चप्पल उचलताना कंबर धरते, हा अनुभव पुष्कळांना असतो.

येथे ‘गॅप’विषयी लिहिणे भाग आहे. एक्स-रे काढला, मणक्यात गॅप निघाली, आता जड काम बंद, असे सांगणारे लोक प्रत्येक गावात भेटतात. वयाप्रमाणे केस पिकतात तशाच गाद्याही झिजतात. कंबरेची कसलीही तक्रार नसलेल्या ९८ माणसांची अमेरिकेत एमआरआय तपासणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांत निदान एक तरी गादी फुगलेली आढळली. अशा अनेक अभ्यासांचा २०१५ साली एकत्र आढावा घेतला गेला. कंबर न दुखणाऱ्या पन्नाशीच्या लोकांतही शंभरात ऐंशी जणांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात, असे त्यात आढळले. तेव्हा फोटोत झीज दिसली म्हणून दुखण्याचे कारण सापडले असे होत नाही. शिवाय गादी ‘सरकते’ हा शब्दही फसवा आहे. ती जागेवरच असते, फक्त तिचा काही भाग फुगतो किंवा बाहेर येतो. असा बाहेर आलेला भागही पुष्कळ वेळा काही महिन्यांत आपोआप आकसतो. म्हणून पुढे सांगितलेली धोक्याची लक्षणे नसतील तर पहिले काही आठवडे एक्स-रे किंवा एमआरआयवर खर्च करू नये.

धोक्याची लक्षणे आधी पाहावीत

उसण भरलेल्या शंभर माणसांत फार थोड्यांना गंभीर आजार असतो. पण तो ओळखायला उशीर झाला तर आयुष्यभराचे नुकसान होते. म्हणून घरच्यांनी रुग्णाला पुढील गोष्टी स्पष्ट विचाराव्यात, त्यात संकोच करू नये.

लघवी तुंबली आहे का, किंवा नकळत होते का? शौचावरचा ताबा गेला आहे का? सायकलच्या सीटवर बसताना जो भाग टेकतो तेथे, म्हणजे जांघेच्या आत आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा आला आहे का? दोन्ही पायांतील शक्ती कमी होत आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर होय असेल तर खालच्या बाजूच्या नसांचा संपूर्ण जुडगा दाबला गेलेला असण्याची शक्यता असते. येथे तासांचा हिशेब असतो. सकाळ होण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि जेथे मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रुग्णाला न्यावे. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर लघवीवरचा ताबा वाचू शकतो, उशीर झाल्यास पुष्कळदा तो परत येत नाही.

एका पायाचे पाऊल घोट्यातून वर उचलता येत नाही, चालताना चप्पल निसटते, असे झाल्यासही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

झाडावरून, विहिरीच्या काठावरून किंवा बैलगाडीतून पडल्यावर कंबर दुखत असेल तर मणका मोडला असे समजून चालावे आणि रुग्णाला न वाकवता फळीवर घेऊन न्यावे. वयस्क स्त्रियांत आणि दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांत हाडे ठिसूळ झालेली असतात. त्यांचा मणका नुसत्या घसरण्याने किंवा घागर उचलण्यानेही दबतो.

संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन घटते, रात्री पडल्यावरही दुखणे थांबत नाही आणि हे आठवडेच्या आठवडे चालते, अशा वेळी मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्यावी. क्षय फक्त छातीचा होतो हा समज चुकीचा आहे. सरकारी केंद्रांत त्याचे औषध मोफत मिळते आणि वेळेवर सुरू केल्यास रोग बरा होतो. पूर्वी कर्करोग झालेल्या व्यक्तीची कंबर नव्याने दुखू लागल्यास तीही लवकर तपासावी.

पशुपालकांनी आणखी एका रोगाकडे लक्ष द्यावे. गोठ्यातील गाय किंवा म्हैस सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभ टाकत असेल तर ब्रुसेल्लोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताचा रोग असू शकतो. उघड्या हाताने जार काढणाऱ्या, गाभ टाकलेल्या जनावराची स्वच्छता करणाऱ्या किंवा कच्चे दूध पिणाऱ्या माणसाला तो होतो. त्यात चढ-उतार होणारा ताप, घाम, सांधेदुखी आणि पुष्कळ वेळा कंबरदुखी असते. अशा रुग्णाने डॉक्टरांना गोठ्यातील हकीकत आपणहून सांगावी, कारण सांगितल्याशिवाय ती त्यांना कळणार नाही. मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात या रोगाची लस पशुवैद्यकाकडून टोचून घ्यावी. जार काढताना हातमोजे वापरावेत आणि दूध उकळूनच प्यावे.

कळ लाटेसारखी येऊन बरगडीखालून जांघेकडे जात असेल आणि माणूस एका जागी स्थिर बसूच शकत नसेल तर तो बहुधा मुतखडा असतो. उसण भरलेला माणूस उलट हलायलाच घाबरतो. एकाच बाजूस आग होऊन दोन-चार दिवसांनी पुरळ उठले तर ती नागीण समजावी.

पहिले दोन-तीन दिवस

वरीलपैकी काही नसेल तर घाबरू नये. जेथे कंबर धरली तेथेच सावकाश खाली बसावे किंवा आडवे व्हावे. पाठीवर पडून पाय गुडघ्यात वाकवावेत आणि पोटऱ्या एखाद्या खाटेवर, पेटीवर किंवा घड्या घातलेल्या रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर ठेवाव्यात. काहींना कुशीवर वळून गुडघ्यांमध्ये उशी घेतल्याने जास्त आराम वाटतो. कोणती स्थिती योग्य हे पुस्तकाने ठरवायचे नसून कंबरेने ठरवायचे आहे. श्वास रोखून धरू नये, पोट सैल सोडून सावकाश श्वास घ्यावा. त्याने आवळलेले स्नायू ढिले पडतात.

उठताना सरळ उठण्याचा प्रयत्न केला की पुन्हा चमक निघते. आधी संपूर्ण अंग एकदम कुशीवर वळवावे, पाय खाटेखाली सोडावेत आणि त्याच वेळी कोपर व तळहाताने अंथरूण दाबून धड उचलावे. शौचासाठी पहिले दोन दिवस कमोडची खुर्ची मिळाल्यास बरे. नसल्यास भिंतीला किंवा खुंटीला धरण्याची सोय करावी. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कारण कुंथल्याने कळ वाढते.

आता मुख्य मुद्दा. फळीवर झोपा, पंधरा दिवस हलू नका, हा सल्ला पूर्वी डॉक्टरही देत असत. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही रुग्णांना दोन दिवस व काहींना सात दिवस झोपून राहण्यास सांगितले होते. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले आणि आरामात काहीच फरक पडला नाही. फिनलंडमधील हेलसिंकी शहरात नगरपालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर झालेला प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला दोन दिवस विश्रांती, दुसऱ्याला कंबरेचे व्यायाम आणि तिसऱ्याला ‘झेपेल तेवढे नेहमीचे हिंडणे-फिरणे’ असा सल्ला होता. तिसरा गट सर्वांत लवकर सुधारला. तेव्हा पहिल्या दिवशी अधूनमधून पडावे, पण जागेपणी दर तासाला उठून अंगणात चार-पाच मिनिटे चालावे. थोडे दुखेल. दुखणे म्हणजे नवी इजा नव्हे. मात्र चालल्याने कळ कंबरेतून पायात खाली खाली उतरत असेल तर चालणे कमी करावे.

शेक चांगला. मिठाची किंवा ओव्याची गरम पुरचुंडी, निर्गुडीचा पाला, गरम पाण्याची पिशवी यांपैकी घरात असेल ते वापरावे. पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. मधुमेहामुळे किंवा नस दाबल्यामुळे कातडी बधिर असेल तर भाजल्याचे कळत नाही, अशा माणसाला शेक दुसऱ्याने हात लावून पाहिल्यावरच द्यावा. तेल हलक्या हाताने चोळण्यास हरकत नाही, रगडू नये.

औषधांबाबत अपेक्षा माफक ठेवावी. ऑस्ट्रेलियात सोळाशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पॅरासिटामॉल घेणाऱ्यांपैकी निम्मे रुग्ण १७ दिवसांत बरे झाले. औषध नसलेली बनावट गोळी घेणाऱ्यांपैकी निम्मे १६ दिवसांत बरे झाले. यातून गोळीपेक्षाही एक मोलाची गोष्ट कळते, ती म्हणजे हे दुखणे बहुतेकांत आपल्या गतीने बरे होते. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळीने थोडा अधिक आराम पडतो. ती डॉक्टरांना विचारून, जेवल्यावर, थोडे दिवसच घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार, पोटातील व्रण, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, गोळ्यांनी वाढणारा दमा असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ती परस्पर घेऊ नये. उन्हाळ्यात दिवसभर घाम गाळून, पाणी कमी पिऊन वर अशा गोळ्या घेणे मूत्रपिंडाला विशेष घातक आहे. आठवडी बाजारातील बिननावाच्या पुड्या तर घेऊच नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते. त्याने दोन दिवसांत जादू झाल्यासारखे वाटते आणि पुढे साखर वाढते, हाडे पोकळ होतात.

पायाळू आणि बिब्बा

पायांकडून जन्मलेल्या, म्हणजे पायाळू माणसाने लाथ मारली की उसण जाते, ही समजूत महाराष्ट्रभर आहे. लोकांना गुण येतो हेही खोटे नाही. जे दुखणे पंधरवड्यात निम्म्या लोकांत आपोआप जाते, त्यात शेवटचा उपाय ज्याने केला त्याला श्रेय मिळते एवढेच. हलकेच पाय लावून घेतल्याने काही बिघडणार नाही. पण ठिसूळ हाडांच्या म्हातारीला किंवा पडून मार लागलेल्या माणसाला खरोखरीची लाथ बसली तर मणका मोडेल. बिब्बा लावणे आणि डाग देणे हे मात्र सरळ नुकसानीचे उपाय आहेत. कातडी जळते, फोड येतात, जखम चिघळते आणि जळण्याच्या वेदनेपुढे कंबरेची वेदना काही काळ विसरली जाते.

कामावर परतताना

चौथ्या-पाचव्या दिवसापासून बहुतेकांना हलकी कामे जमू लागतात. पूर्ण दुखणे थांबण्याची वाट पाहू नये. पाण्याची बारी पाहणे, दारे धरणे, मोटार सुरू-बंद करणे, मजुरांवर देखरेख, उभ्याने होणारी तोडणी अशी कामे आधी घ्यावीत. दारे धरताना फावडे दुसऱ्याकडे द्यावे. पोती, नांगरट व फवारणी यांची पाळी शेवटी. सोळा लिटरचा पाठीवरचा पंप भरल्यावर वीस किलोच्या आसपास जातो. तो जमिनीवरून उचलून पाठीवर घेताना जी पिळवटणारी हालचाल होते ती कंबरेला फार वाईट. पंप कमरेएवढ्या उंच ओट्यावर ठेवून भरावा आणि तेथूनच पट्ट्यांत हात घालावेत.

धार काढणाऱ्यांसाठी एक खास सूचना. रात्रभर आडवे राहिल्याने गाद्या पाणी शोषून फुगतात; म्हणूनच माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सुमारे दीड सेंटिमीटर उंच भरतो. फुगलेली गादी वाकवली असता तिच्यावर ताण अधिक येतो. पुढे पहिल्या तासाभरात तो फुगीरपणा भराभर ओसरतो. आपल्याकडे मात्र उठल्या उठल्या शेण काढणे आणि उकिडवे बसून धार काढणे हाच क्रम असतो. उसण भरून गेल्यावर निदान महिनाभर क्रम बदलावा. आधी उभ्याने होणारी वैरण-पाण्याची कामे करावीत, मग धारेला बसावे, तेही वीतभर उंच पाटावर.

ओझे उचलण्याविषयी पुष्कळ सांगितले जाते. जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या गादीत प्रत्यक्ष दाबमापक बसवून मोजमाप केले, ते १९९९ साली प्रसिद्ध झाले. सरळ उभे असताना दाब ०.५ मेगापास्कल होता. पाठ वाकवून २० किलोचे ओझे उचलताना तो २.३ झाला आणि गुडघे वाकवून उचलताना १.७. तेच ओझे अंगाला चिकटवून धरल्यावर तो १.१ वर आला. म्हणजे ओझे अंगापासून हातभर लांब धरणे हा मोठा दोष आहे. तथापि, नुसती उचलण्याची पद्धत शिकवून कामगारांची कंबरदुखी कमी होते, असे प्रयोगांत दिसून आलेले नाही. थकल्यावर शिकवलेले कोण पाळतो? त्यापेक्षा ओझेच कमी करणे हा खात्रीचा मार्ग आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचवली होती. आपल्याकडे युरियाची गोणी २०१८ पासून पन्नासऐवजी ४५ किलोची झाली. घरचा माल मात्र अजून कित्येक ठिकाणी शंभर किलोच्या पोत्यांत भरला जातो. दुप्पट बारदान लागते ही तक्रार खरी आहे, तरी पन्नासच्या वर भरू नये. पोते दोघांनी धरावे, ट्रॉलीला फळी लावून सरकवावे, खळ्याजवळ ट्रॉलीच्या उंचीचा ओटा बांधता आला तर उत्तम.

अवजारांचेही तसेच. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बुटक्या दांड्याच्या कुदळीने तण काढताना मजुरांच्या पाठी कायमच्या जायबंदी होत, म्हणून १९७५ साली तिथे त्या कुदळीवर बंदी आली. आपले खुरपे त्याच जातीचे. ओळीत पेरलेल्या पिकात सायकल कोळपे उभ्याने चालते आणि खुरप्याचे काम फक्त ओळीतील तणापुरते उरते. खुरपणी, भातलावणी, कांदालागवड ही वाकून करायची कामे बहुतेक बायांकडे असतात आणि त्यांचे कंबरदुखणे घरात कोणी मोजतही नाही. अर्ध्या-पाऊण तासाने उभे राहून, दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच-सहा वेळा मागे झुकण्याची सवलत मजूर बायांना द्यावी. त्यात दोन मिनिटे जातात, मुकादमाने ती मोजू नयेत.

ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी सीटची स्प्रिंग आपल्या वजनाप्रमाणे बसवून घ्यावी, तासाभराने उतरून चालावे आणि उतरताना उडी मारू नये. दोन-तीन तास हादरे खाऊन उतरल्याबरोबर पोते उचलणे ही तर उसण भरण्याची हमखास वेळ.

पुन्हा भरू नये म्हणून

एकदा उसण भरलेल्यांपैकी पुष्कळांना वर्षभरात ती पुन्हा भरते. यावर साधा उपाय सापडला आहे. नुकत्याच कंबरदुखीतून बरे झालेल्या ७०१ लोकांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालण्याची सवय लावली, त्यांच्यातील दुखणे परतण्याचा मधला काळ २०८ दिवस होता. न चालणाऱ्या गटात तो ११२ दिवस होता. आम्ही दिवसभर रानातच चालतो, असे यावर कोणी म्हणेल. पण रानातले चालणे थांबत-वाकत, हातात काही घेऊन असते. मोकळ्या हाताने, एका लयीत, थोड्या झपाट्याने वाटेवरून चालणे वेगळे. तो प्रयोग शेतकऱ्यांवर झालेला नव्हता हेही खरे. तरी याला खर्च नाही आणि अपाय नाही, म्हणून करून पाहावे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत कंबरदुखी अधिक आढळते, तीही सुटली तर बरेच.

कमरेच्या पट्ट्याने दुखणे टळत नाही. पहिले चार दिवस धीर म्हणून बांधण्यास हरकत नाही, पण महिनोन्‌महिने बांधून ठेवू नये.

सहा आठवडे उलटूनही दुखणे तसेच असेल, किंवा कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरून मुंग्या येत असतील तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. अशा वेळी एमआरआयचा उपयोग होतो. पायात उतरलेल्या कळेचे रुग्णही बहुतेक शस्त्रक्रियेवाचून बरे होतात, त्यांना वेळ मात्र दोन-तीन महिने लागतो. पायातील शक्ती कमी होत नसेल तर शस्त्रक्रियेचा निर्णय घाईने घेऊ नये, दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्यावे आणि जाताना आधीचे सर्व कागद व फोटो बरोबर न्यावेत.